सदतिसाव्या मिनिटाचा भोंगा

एका रविवारी संध्याकाळी मी एका म्हाताऱ्या माणसाला खोटं सांगून पंपाच्या खोलीत बसवलं, आणि पावणेदोन तास तिथेच विसरलो. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायचं ठरवलं तर मी काकांच्या गमती रंगवत बसेन, ऐकणारे हसतील, आणि हे राहून जाईल. दोन वर्षं मी तेच करत आलोय.

काका म्हणजे आमच्या सोसायटीतले पहिल्या मजल्यावरचे काका. घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी आमची चार मजली जुनी इमारत होती. तीन बाजूंनी खोल्या आणि मधे मातीचं मैदान. मैदान म्हणायचं आपलं. दोन बस उभ्या केल्या तर रिक्षालाही जागा उरली नसती. त्या मैदानात काकांनी चाळीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. दूध आणायला निघाले की कडेकडेने, भिंतीला पाठ लावून, तोंड मैदानाकडे ठेवून, आडवे चालत फाटकापर्यंत जायचे. नवीन माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी बिनसलंय. मी लहान असताना एकदा विचारलं होतं, "काका, सरळ मधून का नाही जात?"

"लाइन्समन मैदानात शिरत नाही," ते म्हणाले. "खेळ त्यांचा, रेष माझी."

नोकरी त्यांनी एका औषधांच्या कारखान्यात टाइम ऑफिसात केली. पण ते स्वतःला कारकून कधीच समजले नाहीत. दर रविवारी उपनगरातल्या कुठल्या ना कुठल्या मैदानावर ते फुटबॉलच्या सामन्यांना झेंडा घेऊन रेषेवर धावायचे. मुख्य पंच होण्याची संधी दोनदा चालून आली, दोनदा नाकारली. निवृत्तीनंतर झेंडा कपाटात गेला, पण हात तसाच राहिला. भाजीवाल्याने कालचा पालक आजचा म्हणून दिला, की काकांचा उजवा हात कोपरात न वाकता सरळ वर. एक शब्द नाही. भाजीवालाही मग हसून जुडी बदलायचा. काकू सांगायच्या, "लग्नात आमच्या भटजीन दोन मंगलाष्टकां गाळल्यान, तर बोहल्यावरून हात वर केलो यांनी!"

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधोमध धुकं आणि कडेचं तेवढं दिसायचं. "आयुष्यभर कडेनंच बघितलं ना, म्हणून कड ठेवली देवानं," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. आणि त्याच सुमारास तिकडे युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली.

लढाईच्या बातम्या आमच्याकडेही सगळे बघत होते. काही महिन्यांनी सगळ्यांचं बघणं थांबलं, आणि काकांचं तिथून सुरू झालं. कारण त्यांना कुठूनतरी कळलं, की एवढ्या लढाईत त्या देशाने आपली फुटबॉल लीग पुन्हा चालू केलीय.

ते माझ्या दारात आले. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि सगळे सोडून एकटे काका मला त्या नावाने हाक मारायचे.

"सेक्रेटरी, तुझ्या फोनवर दिसतं का रे ते? कोण जिंकलं, कितव्या मिनिटाला?"

"दिसतं ना. पण काका, तिकडचं कशाला? आपल्या इकडचं बघू की."

"इकडच्यांना वाचणारे आहेत. तू मला ते वाचून दाखव."

तसं सुरू झालं. सामने तिकडे दुपारी, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी. मी ऑफिसातून येऊन हातपाय धुतले की त्यांच्या गॅलरीत बसायचो. फोनवर मिनिटामिनिटाला एकेक ओळ यायची, ती मी मराठीत सांगायचो. चित्र नाही, आवाज नाही. "तेविसावं मिनिट, कॉर्नर." एवढंच. पण काका खाली आमच्या मातीच्या मैदानाकडे बघत ऐकायचे, आणि त्यांच्या डोळ्यांतल्या त्या धुक्यात काय काय उभं राहायचं कोण जाणे.

"प्रेक्षक?"

"नाहीत काका. यायची परवानगी नाहीये."

"मग चेंडू मारल्याचा आवाज केवढा येत असेल रे." थोडं थांबून, "आणि रेषेवरच्याला स्वतःचे बूट ऐकू येत असतील."

मी त्या लीगचा एकही सामना पाहिलेला नाही. तरी आज डोळे मिटले की मला एक रिकामं मैदान दिसतं, हजारो खुर्च्या, खुर्च्यांवर पांढुरकं ऊन, आणि कडेने आडवा धावणारा एक माणूस. ते मला काकांनी दाखवलेलं आहे.

संघांची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात. मग त्यांनी आपली नावं दिली. राजधानीचा मोठा संघ म्हणजे अंधेरी. पश्चिमेकडे, डोंगर ओलांडला की दुसरा देश लागतो, अशा टोकाच्या शहराचा संघ म्हणजे मुलुंड. चेकनाका पार केला की मुंबईची हद्द संपते तसं. पूर्वेकडच्या एका संघाचं शहरच हातचं गेलं होतं. त्यांना स्वतःचं मैदान उरलं नव्हतं, आणि त्यांचे घरचे सामनेसुद्धा पश्चिमेकडे, त्या मुलुंडवाल्यांच्या मैदानावर व्हायचे. त्यांना काकांनी ट्रॉम्बे म्हटलं. आणि समुद्रकाठच्या बंदराच्या शहरातल्या संघाला दिलं घाटकोपर. मी म्हटलं, "काका, बंदर आहे, तर वर्सोवा द्या. घाटकोपरला कुठला समुद्र?" त्यांनी ऐकलं नाही.

पंपाच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर सोसायटीचा काळा फळा रंगवलेला होता. डावीकडे माझ्या सूचना : उद्या पाणी अर्धा तास, गच्चीवर पापड घालू नयेत. उजवीकडे काकांचा तक्ता, वीतभर अक्षरांत, कारण त्याहून लहान त्यांना दिसत नसे. नव्याने आलेला वॉचमन एकदा घाबऱ्याघुबऱ्या मला म्हणाला, "साब, लिखा है ट्रॉम्बे ने घाटकोपर को तीन गोल से मारा. कुछ लफडा हुआ क्या?"

आता भोंग्याचं सांगतो. सामना चालू असताना तिकडे हवाई हल्ल्याचा इशारा व्हायचा. की खेळ बंद. दोन्ही संघ, पंच, लाइन्समन, सगळे स्टेडियमच्या तळघरात. धोका टळल्याचा इशारा झाला की वर येऊन, अंग गरम करून, राहिलेल्या मिनिटापासून पुढे. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. सायरन हा शब्द काकांनी कधी वापरला नाही. त्यांचे वडील गिरणीत होते. काका भोंगाच म्हणायचे.

पहिल्यांदा मी वाचलं, "काका, भोंगा झाला. सगळे खाली गेले," तेव्हा काका उठले, चपला घातल्या, आणि जिना उतरून, भिंतीच्या कडेने आडवे चालत पंपाच्या खोलीत गेले. ती खोली चार पायऱ्या खाली, जमिनीत अर्धी बुडालेली. आत ओल, मोटरचा गंज आणि एक बोका. काका बादली पालथी घालून बसले. मी मागोमाग गेलो.

"काका, हे काय?"

"लाइन्समनपण खाली गेला ना?"

"गेला असेल."

"मग? मी एकटा वर बसू? चालू झाली की हाक मार."

तेव्हापासून तोच नेम झाला. भोंगा झाला की काका खाली. चहा नाही, पाणी नाही. पुन्हा खेळ सुरू झाला की मी वरच्या पायरीवरून ओरडायचो, "काका, सुरू!" आणि ते बाहेर यायचे, डोळे मिचकावत, खरोखरच कुठूनतरी सुटून आल्यासारखे. आधी विचारायचे, "सगळे सुखरूप?" मग फळ्याच्या उजव्या कडेला खेळ थांबल्याचं मिनिट लिहायचे. तक्ता दर आठवड्याला पुसला जाई. ते आकडे त्यांनी कधी पुसले नाहीत.

बिल्डिंगमध्ये हसायचे लोक. काकूंनी तर नाव ठेवलं होतं, "आमचे निर्वासित." पण भोंगा लांबला की त्याच गॅलरीतून वाकून मला विचारायच्या, "संपलो काय रे?"

त्या खोलीत एकदा मी त्यांच्याबरोबर बसलो होतो. भोंगा लांबला होता. बोका माझ्या पायावर झोपला होता. तेव्हा काकांनी आपणहून सांगितलं, घाटकोपर हे नाव त्या बंदराच्या संघाला का दिलं ते.

ऐन तारुण्यात ते गोदीच्या मैदानावर एका सामन्याला लाइन्समन होते. गोदी कामगारांचा संघ विरुद्ध धक्क्याला लागलेल्या एका परदेशी जहाजाचे खलाशी. जहाज त्या बंदराचं. तेव्हा तो देश वेगळा नव्हता, एका मोठ्या देशाचा भाग होता. शेवटच्या मिनिटाला एका खलाशाने गोल केला. काकांचा झेंडा वर. ऑफसाइड. गोल रद्द, सामना बरोबरीत, गोदीवाल्यांनी काकांना खांद्यावर घेतलं.

"तो ऑफसाइड नव्हता," काका म्हणाले.

"चुकतं माणसाचं, काका."

"चुकलं नाही रे. मला नीट दिसलं होतं. तेव्हा डोळे चांगले होते माझे. आजूबाजूला सगळे आपले लोक ओरडत होते. हात वर गेला." ते गंजलेल्या मोटरकडे बघत होते. "तो पोरगा माझ्याजवळ आला. लालबुंद तोंड. मला वाटलं मारतो आता. त्याने हसून हात मिळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेलो त्याला सांगायला. जहाज सुटलं होतं."

थोड्या वेळाने म्हणाले, "त्याचे नातू खेळत असतील आता. म्हणून म्हटलं, त्यांना आपलं घर द्यावं."

हे मला त्यांनी सांगितलेलं होतं. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी मी ते केलं.

आमची इमारत पुनर्विकासाला निघाली होती. बिल्डरचा माणूस दर आठवड्याला नकाशे घेऊन यायचा. मला ते हवं होतं, हे लपवत नाही. एका खोलीत आम्ही तिघं. मुलगी बारावीला, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली टेबललॅम्प लावून अभ्यास करायची. नकाशात तिच्या नावाची एक वेगळी खोली होती, खिडकीसकट. मी रोज ती खिडकी बघायचो.

मैदान मात्र नकाशात नव्हतं. तिथे गाड्यांचे तीन मजले होते. बिल्डरच्या माणसाने मला ते एकट्याला समजावून सांगितलं होतं आणि म्हणाला होता, "सभेत हा विषय निघाला नाही तर बरं. पुन्हा नकाशे, पुन्हा मंजुऱ्या. आमचे साहेब मग दुसरी सोसायटी बघतील."

सभेची सूचना मी फळ्यावर डावीकडे लिहिली. रविवारी संध्याकाळी सहा, गच्चीवर. काकांनी ती नाकाशी धरल्यासारखी जवळून वाचली.

"साडेपाचला घाटकोपरची मॅच आहे रे."

"सभा त्यातच होईल, काका. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"नाही नाही. हाफटाइमला येतो वर. माझा एकच प्रश्न आहे. मैदान राहणार का?"

चाळीस वर्षं ज्या मातीला त्यांनी पाय लावला नव्हता, तिच्याबद्दल त्यांना विचारायचं होतं. मला माहीत होतं, तो प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. आणि हेही माहीत होतं, की काकांनी विचारला तर तळमजल्यावरच्या पाचसहा म्हाताऱ्या बिऱ्हाडांचे हात खाली राहतील. काकांचा हात लोक मानत होते.

रविवारी मी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसलो. सहा वाजून गेले. वरून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. फोनवर सदतिसावं मिनिट होतं, थ्रो-इन. खेळ छान चालला होता.

"काका," मी म्हटलं, "भोंगा झाला."

ते लगेच उठले. चपला शोधताना पाय चाचपडत होता, मी चप्पल पुढे सरकवली. "कितवं मिनिट?"

"सदतीस."

"तू जा वर. सुरू झाली की हाक मार," ते म्हणाले आणि कडेकडेने निघून गेले.

ठराव मंजूर झाला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, बिल्डरच्या माणसाने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. मुलीला मी फोन करून खिडकीबद्दल सांगितलं. पावणेआठच्या पुढे काकू गच्चीच्या दारात आल्या. "अरे, आमचे हे खंय?"

मी चार जिने कसा उतरलो आठवत नाही. खोलीत अंधार होता. काका बादलीवर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, मांडीवर बोका.

"सुरू झाली?"

"संपली काका. मी... वर अडकलो."

"सगळे सुखरूप?"

"हो."

"फार वेळ ठेवलं रे आज पोरांना खाली." उठताना त्यांना माझा खांदा धरावा लागला. बाहेर येऊन त्यांनी खडू मागितला आणि फळ्याच्या कडेला लिहिलं, ३७. मग विचारलं, "सभा?"

"झाली."

"माझा प्रश्न राहिला."

"पुढच्या सभेला विचारा."

पुढच्या सभेत फक्त कोणाला कुठला मजला ते ठरलं. काकांनी सगळ्यांच्या मागून सही केली. "सगळा संघ बाहेर पडला तर मी एकटा रेषेवर उभा राहून काय करू," एवढंच म्हणाले.

खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी टेम्पो फाटकाबाहेर उभा होता. मला घाटकोपरमध्येच भाड्याची जागा मिळाली होती. काका-काकूंना मिळाली मुलुंडला, चौदाव्या मजल्यावर. सामान चढलं, काकू पुढे बसल्या. काका पंपाच्या खोलीपाशी उभे होते. तिथून ते निघाले, आणि कडेने न जाता मैदानाच्या मधोमध उतरले. सरळ, समोर बघत, सावकाश फाटकाकडे. गॅलऱ्यांमधले लोक कठड्याशी आले. मधे एकदा थांबून त्यांनी चपलेने माती जराशी घासून पाहिली. माझ्याजवळ आल्यावर म्हणाले, "काय सेक्रेटरी, आता आमचेपण घरचे सामने मुलुंडला."

मी हसलो. सगळेच हसले.

इमारत पाडली तेव्हा मी बघायला गेलो होतो. फळ्याची भिंत शेवटपर्यंत उभी होती. तक्ता पावसाने गेला होता. कडेचे आकडे कसे कोण जाणे राहिले होते. बाकीचे सगळे खरे होते. माझा एक.

त्यानंतर मी त्यांना फोनवरून सामने सांगत राहिलो. त्यांनी कधी चुकूनसुद्धा त्या रविवारचा विषय काढला नाही, आणि त्यामुळेच मला तो दर सामन्याला आठवायचा. नवीन इमारतीचे खांब दुसऱ्या मजल्यापर्यंत आले. मुलगी कॉलेजला गेली. खिडकीची चौकशी तिने सोडून दिली. तिकडे लढाई थांबत नव्हती आणि लीगही थांबत नव्हती. आता तळघरात मावतील तेवढे प्रेक्षक सोडतात, हे मी काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "चला. आवाज करायला कोणीतरी आलं."

गेल्या महिन्यात एका शनिवारी सामना चालू असताना मी मुलुंडला गेलो. रिक्षातच फोनवर दिसलं, भोंगा झालाय. बावन्नावं मिनिट. मी काकांना फोन केला, तो काकूंनी घेतला, "सांगतंय" म्हणाल्या आणि ठेवून दिला.

दार उघडलं ते काकूंनीच. "ये. आत आसत."

"कुठे?"

"बाथरूमात! चौदाव्या मजल्यावर खालची खोली खंयसून आणायची? खाली पार्किंगात बसाक वॉचमन देत नाय. भोंगो झालो की घरात सगळ्यांत आतली खोली ती. आता तासभर माका हात धुवक मिळाचे नाय." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "जा बाबा तू. तुझां ऐकतत."

दार नुसतं लोटलेलं होतं. काका पालथ्या बादलीवर बसले होते, दिवा न लावता, हात गुडघ्यांवर. वरच्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता. मी आत जाऊन ओल्या फरशीवर खाली बसलो.

"कोण, सेक्रेटरी? अरे, तू कशाला आलास इतक्या लांब? सुरू झाली?"

"नाही अजून. काका, तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग की. आता काय, वेळच आहे."

नळ थेंब थेंब गळत होता. मी रिक्षात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"तो सभेचा रविवार. तुम्ही सदतीस लिहिलंत. त्या दिवशी भोंगा झालाच नव्हता, काका. मी खोटं सांगितलं."

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो वर जाईल अशी वाट बघत होतो; जावा असं वाटत होतं. हात गुडघ्यावरच राहिला.

"म्हणजे," ते म्हणाले, "त्या दिवशी कोणी खाली गेलंच नाही?"

"नाही."

"पोरं सलग नव्वद मिनिटं खेळली?"

"हो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. त्या अर्धवट उजेडात त्यांचा चेहरा मोकळा झालेला मला दिसला. "बरं झालं रे," ते म्हणाले. "मला उगाच वाटत राहिलं होतं, फार वेळ ठेवलं त्यांना. बरं झालं."

तेवढ्यावर ते मला सोडून देत होते. बाहेर काकू भांडी आवरत होत्या. मला उठून जाता आलं असतं.

"काका, तुमचा प्रश्न होता ना, मैदान राहणार का? नाही राहणार. तिथे गाड्या लागणार आहेत. मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही विचारलं असतं तर लोकांनी तुमचं ऐकलं असतं, म्हणून मी तुम्हाला खाली पाठवलं, आणि वर जाऊन पेढे खाल्ले. चुकून नाही झालं ते, काका. मला नीट दिसत होतं. मला माफ करा."